आधी पाय, मग बाकीचं

जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडलेली असते, तरी तेरा-चौदाव्या वर्षी एक जिना चढताना मूल धापा टाकतं. दर वेळी कारण हृदयच असतं असं नाही. ‘बस जरा, दमशील’ हे वर्षानुवर्षं ऐकून मांड्या-पोटऱ्यांना कामच मिळालेलं नसतं. स्नायू भरण्याचं हे वय असं वाया जाताना बघून वाईट वाटतं.

फॉन्टान शस्त्रक्रिया (हृदयाचा एकच कप्पा नीट रक्त ढकलू शकतो, तेव्हा केली जाणारी) झालेल्यांना तर पायांची फार गरज. त्यांच्यात अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे ढकलणारा स्वतंत्र कप्पा नसतो. श्वासाची ओढ आणि आवळणाऱ्या पोटऱ्या, यांच्यावर बरंच काही अवलंबून असतं.

हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून परवानगी दिली की सुरुवात अशी करता येते: हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, भिंतीवर पुश-अप. प्रत्येकी 10 वेळा, आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये किमान एक दिवस आराम. 15 सहज जमू लागले की दुसरी फेरी. वजनं त्यानंतर, तीही हलकी.

चूक होते ती श्वासात. जोर लावताना मुलं श्वास कोंडतात. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि चक्कर येते. म्हणून उठताना फुंकर मारायची, किंवा आकडे मोठ्यानं मोजायचे. बोलताना श्वास कोंडता येत नाही. व्यायाम संपल्यावरही एकदम थांबू नये, रक्त पायांत साचतं. 5-10 मिनिटं सावकाश चालावं.

नाडीवर विसंबू नका. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारं औषध) किंवा पेसमेकर असेल तर ती श्रमाच्या प्रमाणात वाढेलच असं नाही. पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, हे पाहा. श्रम किती वाटतात हे मुलानंच आकड्यात सांगायचं, अशा 6 ते 20 च्या बोर्ग मापावर 11-13 पुरेसं.

महाधमनी रुंदावलेली असेल तर जड वजनं नकोत. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत. व्यायाम करताना छातीत दुखलं, धडधडलं किंवा शुद्ध हरपली, तर तिथेच थांबून लगेच डॉक्टरांना गाठा.

शाळेसाठी चिठ्ठी घेताना मात्र ‘व्यायाम टाळावा’ एवढ्यावर समाधान मानू नका. काय चालेल आणि किती चालेल, तेही लिहून मागा.