ज्वालामुखीच्या दगडावर लिहिलेली गावं

फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहराच्या आसपासच्या गावांतून सायकलवर जाताना माझं निम्मं लक्ष चौकांच्या कोपऱ्यांवर असतं. तिथे अजूनही कुठेकुठे काँक्रीटचा बुटका, जड ठोकळा उभा दिसतो. त्याच्या चारही अंगांना तिरप्या बसवलेल्या पाट्या, पांढऱ्यावर गडद निळ्या अक्षरांत गावांची नावं आणि किलोमीटरचे आकडे. ही मिशेलिन या टायर कंपनीने लावलेली जुनी दिशादर्शक खूण. दिसली की मी उतरते आणि पाटीवरून बोट फिरवते. काँक्रीट शेवाळलेलं असतं, कडा उडालेल्या असतात. पाटी मात्र काचेसारखी गुळगुळीत, आणि अक्षरं परवा लिहिल्यासारखी.

ही पाटी पत्र्याची नाही. ती दगडाची आहे, लाव्हाच्या दगडाची, आणि त्यावर एनॅमल, म्हणजे काचेचा रंगीत थर, भाजलेलं आहे. मी स्वतः मातीची भांडी करते, भट्टी लावते. त्यामुळे असेल, पण फ्रान्समध्ये राहायला आल्यापासून या एका गोष्टीने मला जेवढं झपाटलंय तेवढं इथल्या कुठल्याच संग्रहालयाने नाही.

दगड येतो व्होल्विकहून. क्लेरमाँच्या उत्तरेला, जवळच. आज जगाला ते नाव पाण्याच्या बाटलीमुळे ठाऊक आहे, पण या भागात व्होल्विक म्हणजे आधी दगड. पुई द ला नुजेर नावाच्या ज्वालामुखीतून हजारो वर्षांपूर्वी वाहून आलेला हा लाव्हा राखाडी आहे, बारीक छिद्रांचा आहे, आणि कठीण असूनही छिन्नीला वश होतो. क्लेरमाँचं कॅथेड्रल याच दगडाचं. 1248 मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. पावसात ओलं झालेलं पाहिलं तर कोळशातून कोरून काढल्यासारखं दिसतं.

आता भट्टीचं. एनॅमल म्हणजे शेवटी काचेची पूड आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. ती वितळून दगडाला घट्ट धरायची तर 900 ते 1000 अंशांपर्यंत जावं लागतं. आणि इथेच बाकीचे दगड हरतात. संगमरवर किंवा चुनखडी त्या उष्णतेत टिकतच नाही, तिचा चुना होतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, भरपूर, आणि क्वार्ट्झ 573 अंशांना एकदम फुगतं. दगडाला आतून तडे जातात. आम्हा भट्टीवाल्यांना हा आकडा झोपेतही आठवतो. व्होल्विकच्या लाव्हात मोकळं क्वार्ट्झ जवळजवळ नाही, छिद्रांमुळे त्याला फुगायला-आकसायला जागा आहे, आणि एवढी आग त्याने जन्मतानाच पाहिलेली आहे. कापलेली लादी आधी पांढऱ्या थराने झाकतात, छिद्रं बुजवतात, भाजतात. मग रंग, मग पुन्हा भट्टी, कधी रंगागणिक वेगळी. सगळ्यात जास्त संयम लागतो तो निवण्याच्या वेळी. घाई केली की लादी गेली.

निवताना काच दगडापेक्षा जास्त आकसते, म्हणून पृष्ठभागावर केसासारख्या रेषांचं जाळं उमटतं. लोक याला खराबी समजतात. मला ते मान्य नाही. त्या रेषा काचेच्या थरातल्या आहेत, दगडापर्यंत जात नाहीत, आणि काच दगडाला सोडत नाही. पत्र्यावरच्या एनॅमलचा एक टवका उडाला की गंज आत शिरतो आणि मग सगळी पाटी पोखरत जातो. लाव्हाचा टवका उडाला तर खाली दगडच असतो. गंजणार काय? ऊन, बर्फ, आम्ल, कशानेही हे रंग फिके पडत नाहीत. म्हणूनच प्रयोगशाळांची टेबलंसुद्धा या लाद्यांनी मढवत असत.

हे तंत्र जमवलं फर्दिनाँ मोर्तलेक या रंगांच्या जाणकाराने, 1827 च्या सुमारास, पॅरिसमध्ये. त्याच्या पाठीशी होता कोंत द शाब्रोल. हा पॅरिसचा प्रशासक, पण माणूस आमच्या इकडचा. त्याने 1820 मध्ये व्होल्विकला दगडकामाची शाळा काढली आणि पॅरिसच्या पदपथांना आपल्या गावचा दगड नेला. मग आला वास्तुशिल्पी हितोर्फ. प्राचीन ग्रीक मंदिरं पांढरी नव्हती, रंगीत होती, हे त्याने सिसिलीतल्या अवशेषांवरून हिरिरीने मांडलं होतं. त्याला पॅरिसमध्येही इमारतीच्या बाहेर रंग हवा होता, आणि पॅरिसच्या पावसात भित्तिचित्र टिकणार नाही हे उघड होतं. लाव्हा टिकणार होता.

सँ-व्हँसाँ-द-पोल चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी चित्रकार जोलिव्हेने लाव्हावर मोठी चित्रं केली. पहिलं 1846 मध्ये लागलं, बाकीची 1860 पर्यंत. त्यात आदम आणि ईव्ह होते, अर्थातच विवस्त्र. चर्चमधल्या मंडळींना ते खपलं नाही. 1861 मध्ये चित्रं उतरवली गेली आणि गोदामात गेली. हितोर्फ 1867 मध्ये वारला, त्याने ती पुन्हा भिंतीवर पाहिली नाहीत. ती परत लागली 2011 मध्ये. दीडशे वर्षांनी!

मला या सगळ्या गोष्टीत हेच सारखं दिसतं. ज्याला हवामान हात लावू शकत नाही, त्याला माणूस एका सहीने खाली उतरवतो. पॅरिसच्या रस्त्यांच्या पाट्यांचंही तेच झालं. 1844 मध्ये राम्ब्यूतो प्रशासक असताना ठरलं की रस्त्यांची नावं निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, एनॅमल केलेल्या लाव्हावर लिहायची. ती निळी पाटी आज पॅरिसची ओळख आहे, पण नंतर दगडाची जागा पत्र्याने घेतली. हलका, स्वस्त, लावायला सोपा. जुन्या लाव्हाच्या काही पाट्या अजून भिंतींवर आहेत.

मिशेलिनचं प्रकरण माझ्या सगळ्यात जवळचं. रस्त्यांना ठळक क्रमांक द्या म्हणून आंद्रे मिशेलिनने 1912 मध्ये सह्यांची मोहीम काढली. राष्ट्राध्यक्ष फालियेर यांचीही सही मिळवली. टायर विकायचे तर लोकांनी फिरायला हवं, फिरायचं तर वाट सापडायला हवी, एवढा सरळ हिशोब. कारखाना क्लेरमाँचा, दगड शेजारच्या व्होल्विकचा. पहिल्या महायुद्धानंतर देशभर लाव्हाच्या पाट्या उभ्या राहिल्या. 1946 मध्ये रस्त्यांच्या चिन्हांचे देशभर एकसारखे नियम आले, मग गाड्यांचा वेग वाढला, रात्री दिव्यात चमकणाऱ्या मोठ्या पाट्या आल्या. शिवाय रस्त्याकडेला काँक्रीटचा ठोकळा म्हणजे धडकणाऱ्याला धोका, हेही खरंच. 1971 पर्यंत मिशेलिनने हे काम थांबवलं. नियम चुकीचे होते असं मी म्हणत नाही. पण उरलेल्या ठोकळ्यांची डागडुजी करताना कोणी तारेच्या ब्रशने पाटी घासताना दिसलं की जीव कळवळतो. काँक्रीट हवं तर रंगवा. पाटीला फक्त पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

पॅरिसला आलात तर गार द्यु नोर स्टेशनवरून सँ-व्हँसाँ-द-पोल चालत जाण्यासारखं आहे. खाली चौकात उभं राहून चित्रं नीट दिसत नाहीत, खांबांच्या मागे आहेत. पायऱ्या चढून थेट भिंतीपाशी जा. तिथून मेट्रोची लाईन 2 पकडून शेवटच्या स्टेशनवर, पोर्त दोफिनला उतरा. वास्तुशिल्पी एक्तोर गिमारने 1900 च्या मेट्रोसाठी केलेलं छताचं प्रवेशद्वार तिथे मूळ जागी आहे, आणि आतल्या भिंतींवरचे ते नारिंगी, वेलबुट्टीचे फलक लाव्हाचेच आहेत. उत्तरेला लील शहरापर्यंत जाणार असाल तर गिमारनेच एका सिरॅमिकच्या व्यापाऱ्यासाठी बांधलेलं मेझाँ कोयो हे घर पाहा. अख्खा हिरवा दर्शनी भाग लाव्हाचा. घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघावं लागतं, आणि दुपारचं ऊन भिंतीवर आलेलं असेल तर अजून उत्तम.