शेपटीतली पाचर

शिडीवर चढले होते ती फक्त बोल्ट सैल करायला. आमच्या संग्रहालयात इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या सांगाड्याची प्लास्टरची जुनी प्रतिकृती होती. मागच्या दोन पायांवर ताठ उभी, शेपटी जमिनीला टेकलेली, थेट कांगारूसारखी. ती सुटी करून, पाठ आडवी ठेवून नव्याने जोडायचं काम माझ्याकडे आलं होतं.

कमरेच्या जरा मागे, शेपटीच्या खालच्या अंगाला, हाताला खडबडीत लागलं. तपकिरी रंग खरवडला तर आत पांढरंशुभ्र प्लास्टर. दोन मणक्यांमधली फट भरायला कुणीतरी तिथे पाचर बसवली होती. मग वरून पाहिलं. मणक्यांच्या काट्यांवरून कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं, एक तिरकस, जाळीदार विणकाम जातं. या प्राण्यात त्या कंडरा हाडासारख्या कडक झालेल्या असतात. ती जाळी नेमकी तिथेच करवतीने कापलेली होती.

मी बराच वेळ शिडीवरच बसून राहिले. अशी शेपटी वाकतच नाही. ती जमिनीला टेकवायची तर मोडावी लागते, आणि इथे ती मोडली होती.

या प्राण्याच्या नशिबी हे पहिल्यापासूनच आलं. इंग्लंडमधले डॉक्टर आणि जीवाश्म अभ्यासक गिडियन मँटेल यांनी 1825 मध्ये त्याला नाव दिलं ते मुख्यतः दातांवरून. पुढे सापडलेला एक टोकदार काटा नाकावर बसवला गेला, आणि 1854 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत त्याचा पुतळा गेंड्यासारखा, चार पायांवर उभा राहिला. 1878 मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसारच्या कोळसा खाणीत, 322 मीटर खोलीवर, तिसाहून अधिक सांगाडे मिळाले तेव्हा कळलं, तो काटा अंगठ्याचा आहे, आणि प्रत्येक हाताला एक आहे. जीवाश्मतज्ज्ञ लुई डोलो यांनी 1882 पासून ते सांगाडे उभे करताना शेजारी वॉलबी (छोटा कांगारू) आणि कॅसोवरी (न उडणारा मोठा पक्षी) यांचे सांगाडे ठेवले होते. ताठ उभं राहणं तिथून आलं. जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड नॉर्मन यांनी 1980 मध्ये दाखवून दिलं की शेपटी ताठ आणि पाठ आडवी असायची. हाताची मधली तीन बोटं जाड, टोकाला खुरासारखी. म्हणजे हा प्राणी पुढचे पाय टेकवूनही चालत असणार. खरं तर ही बोटं डोलोंच्याही डोळ्यांसमोर होती.

आमच्या प्रतिकृतीच्या कारागिराचा मला राग आला नाही. त्याला दिलेल्या चित्राबरहुकूम त्याने काम केलं, आणि सफाईने केलं. पण पाचरीवर त्याने हाडाचाच रंग फासला, हे मला फार लागलं. ती पांढरी राहिली असती तर कुणीतरी कधीच विचारलं असतं, इथे हे काय आहे?

दुपारी मॅडमना वर बोलावलं. त्यांनी पाचरीवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, "आपण जे भरू, ते वेगळ्या रंगाचं भरायचं." तसंच ठरलं. बरगड्यांची तुटलेली टोकं, हाताचे दोन सांधे, जिथे जिथे आमचा अंदाज आहे, तिथे फिकट राखाडी.

संध्याकाळी पाचर काढून मणके जमिनीवर ओळीने मांडले. कापलेल्या कंडरांची टोकं समोरासमोर आली, तिरक्या रेघा जुळल्या. शेपटी सरळ झाली आणि दालनाच्या भिंतीला जाऊन भिडली. शेवटचे मणके मांडायला जागाच उरली नाही. मग मोजपट्टी काढून आम्ही नवा चौथरा दालनात तिरका आखायला घेतला.