तुम्ही विचारलंत म्हणून: कम्प्युटरचा सेट जोडून घ्यावा की तयार आणावा?

कापसाचे पैसे हाती आले की हा प्रश्न सुरू होतो, बारावीचा निकाल लागला की पुन्हा. "भाऊ, पोट्ट्याले गेमिंगचा कम्प्युटर पायजे. पन्नास हजारात बसवा. जोडून घ्याव का तयारच इकत आणाव?" कधी एसटी स्टँडवर, कधी लग्नाच्या पंगतीत. उत्तर एका शब्दात हवं असतं. मी आजवर दोन्ही उत्तरं दिली आहेत आणि दोन्ही उत्तरांनी माणसं अडचणीत आली. म्हणून आता सविस्तर लिहितो. ग्राफिक कार्ड का लागतं वगैरे तुमच्या मुलांनी तुम्हाला कधीच समजावलं असेल, ते सोडून देतो.

मी कित्येक घरांत सांगितलं होतं, "तयार घ्या. बिल एक, वॉरंटी एक, डोक्याला ताप नाही." त्यातल्याच एका घरचा सेट उघडल्यावर ते सांगणं बंद झालं.

समोर काच, आत चार रंगीत पंखे. बिलावर एकच ओळ: आय सेव्हन, १६ जीबी, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक, गेमिंग सेट. प्रोसेसर कितव्या पिढीचा ते नाही, मदरबोर्डाचं मॉडेल नाही. व्हॅलोरंट उघडला की 'व्हॅन ९००१' असा एरर येऊन बंद पडायचा. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. आत निघाला आय सेव्हन ३७७०, म्हणजे २०१२ चा, तिसऱ्या पिढीचा, तोही एच६१ या तसल्याच जुन्या बोर्डावर. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं. इथे तपासणी चुकवून टाकलेलं होतं. हा प्रोसेसर एव्हीएक्स२ नावाच्या नव्या सूचना ओळखत नाही, त्यामुळे काही नवे गेम त्यावर उघडतच नाहीत. कार्ड होतं जीटी ७३०, २०१४ चं. त्यावर ४ जीबी मेमरी असली तरी चिपची ताकद तेवढीच राहते.

विंडोज १० टाकून व्हॅलोरंट चालला. मुलाला मोठे गेम हवे होते, म्हणून जुनं आरएक्स ५८० कार्ड स्वस्तात आणलं गेलं. या कार्डाला १८५ वॅटपर्यंत लागतात. एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर. गुणाकार करा: १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, आणि इथे एकट्या कार्डालाच ते पुरत नव्हते. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरही त्या एसएमपीएसला नव्हती, म्हणून हार्डडिस्कच्या मोलेक्स वायरीवरून जोड काढून दिला. गेम सुरू झाला की मशीन रीस्टार्ट. दोष विंडोजवर गेला, तीनदा फॉरमॅट झालं. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले, संध्याकाळी व्होल्टेज पडायला लागलं. व्होल्टेज कमी झालं की तेवढेच वॅट द्यायला एसएमपीएस लाईनवरून जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. एका संध्याकाळी फट् आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएससोबत बोर्ड गेला, एसएसडीही गेली. त्या एसएसडीत थोरल्या मुलीच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टच्या फायली होत्या. दुकानदार म्हणाला, बाहेरचं कार्ड लावलंत, वॉरंटी संपली.

ते कार्ड आणायला हरकत नाही, असं म्हणणारा मीच. एसएमपीएसचं लेबल मी तेव्हा वाचलं नव्हतं.

मग जोडूनच घ्यायचा ना, असं तुम्ही म्हणाल. थांबा.

जोडायचा तर हिशेब सोपा आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसरला ६५ वॅट, आरएक्स ६६०० कार्डाला १३२, बाकी बोर्ड, एसएसडी, पंखे धरून अडीचशेच्या आसपास. १२ व्होल्टवर ३६ अँपिअर देणारा ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) असलेला एसएमपीएस पुरतो. लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तोच घ्या. असा पडलेल्या व्होल्टेजवरही तग धरतो. मागे ११५-२३० चं लाल बटण असलेला घेऊच नका. कुणी ते ११५ वर सरकवलं की मशीन सुरू करताच एसएमपीएस उडतो.

कार्डापुरते पैसे नसतील तर ५६००जी प्रोसेसर घ्या, त्यात ग्राफिक आतच आहे. ५६०० किंवा आय थ्री १२१००एफ मध्ये ते नाही. कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो आणि पहिल्यांदा जोडणारा बोर्ड मेला म्हणून परत करायला निघतो. ५६००जी ला रॅमच्या ८-८ च्या दोन पट्ट्या हव्यात. आतलं ग्राफिक रॅमच वापरतं, आणि एकाच पट्टीने मेमरीचा वेग निम्मा होतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली, त्यामुळे 'सध्या एकच घाला' असं ऐकायला मिळेल. त्यापेक्षा कॅबिनेट साधं घ्या.

हाताने जोडताना चुका ठरलेल्या आहेत. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेवर ठेवायचा आणि दाबायचा नाही. ५६०० बसतो त्या एएम४ सॉकेटच्या पिना प्रोसेसरला असतात, वाकल्या की संपलं. बोर्डाला चार खाचा असतील तर दोन रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी वायर लागते, ती राहिली की पंखे फिरतात पण पडदा येत नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सोय) चालू केलं नाही तर ३२०० ची रॅम कमी वेगाने धावत राहते. कार्ड असेल तर एचडीएमआय कार्डात लावायची, बोर्डात नाही. जुना बी४५० बोर्ड असेल तर ५६०० साठी त्याचा बायोस अपडेट आहे का, ते दुकानातच विचारा.

हे सगळं शिकता येतं. खरी अडचण सहा महिन्यांनी येते. पडदा काळा झाला, तर रॅम गेली, बोर्ड गेला की एसएमपीएस, हे दुसरा चालू भाग लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. नागपुरात मित्राकडून रॅम मागून आणता येते. तालुक्यापासून वीस किलोमीटर आत तो भाग कुठून आणायचा? प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, सर्व्हिस सेंटर वेगळं. एका पट्टीसाठी नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन चकरा झाल्या की एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून काय वाचलं? म्हणूनच मी तयार घ्या म्हणत होतो, आणि ते कारण अजून खोटं ठरलेलं नाही. मोठ्या कंपनीचा सेट घेत असाल तर घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी तुमच्या पिनकोडवर आहे का, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या. अशा बऱ्याच सेटमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या आपल्या मापाचे असतात, बाजारातला बसत नाही. मग पुढे वाढवायला वेगळ्या वायरीशिवाय बोर्डाच्या स्लॉटवरच चालणारं कार्ड उरतं: आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॅटचं.

मधला रस्ता आहे. बर्डीवरच भाग निवडा, दुकानदाराकडून समोर जोडून घ्या, बिलावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून बघितल्याशिवाय उठू नका. अडचण एवढीच की काही दुकानदार नाही म्हणतात आणि काही त्यातच आपला एसएमपीएस सरकवतात.

आणि घर. एअरकूलरच्या झोतासमोर सेट ठेवू नका. खारं पाणी तुषारांसोबत आत जाऊन पांढरा थर धरतं. एसएमपीएसच्या जाळीतून पाल शिरते, मागची मोकळी खाच पट्टीने झाका. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर लाईनचं जवळपास निम्मं व्होल्टेज पत्र्यावर आणतात, आणि चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय लावली की पोर्ट जळू शकतो. जोडलेला असो की तयार, यात फरक नाही.

त्या घरात पुन्हा सेट घ्यायचा आहे. मुलगा जोडतो म्हणतो, वडील तयारच आणा म्हणतात, दोघंही मला विचारतात. मी अजून कुणाच्याच बाजूने बोललेलो नाही. आधी वायरमनला बोलावून मीटरने बघा, एवढंच सांगितलं: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. तसं येत नसेल तर अर्थिंगचा नवा खड्डा, मीठ-कोळसा आणि जीआय पाइप. तो खर्च आधी पन्नास हजारांतून वजा करा, मग बोलू.