अ‍ॅशवेलची भिंत आणि उरलेली माणसं

केंब्रिजहून लंडनच्या गाडीने निघालं की थोड्याच वेळात अ‍ॅशवेलचं स्टेशन येतं. गाव तिथून बरंच आत आहे, शेतांमधून चालत जावं लागतं. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर, कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन लॅटिन ओळी कोरल्या आहेत. दगड खडूच्याच जातीचा, मऊ, त्यामुळे अक्षरं चांगली खोल उतरली आहेत. साल १३५०. मजकुराचा आशय असा, की काळ दीनवाणा, रानटी, पिसाट. साक्षीला उरली ती फक्त हलकी माणसं. खाली काही वर्षांनी आलेल्या वादळाची नोंद आहे.

केंब्रिजला राहायला आल्यापासून मी या प्लेगच्या काळाबद्दल मिळेल ते वाचते, आणि ही ‘हलकी माणसं’ काही मनातून जात नाहीत. प्लेगनंतरच्या इंग्लंडची खरी गोष्ट त्यांचीच आहे असं माझं ठाम मत झालंय.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ सालचं पुणं आठवतं, रँड आठवतो, रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. रोग तोच. पण १३४८ च्या उन्हाळ्यात तो डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा तो कशाने होतो हे कुणालाच माहीत नव्हतं. दीडेक वर्षात देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली.

आधी हादरलं ते चर्च. मरणाऱ्याच्या उशाशी जायचं काम पाद्र्याचं, त्यामुळे पाद्रीही भराभर मेले. जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्स (हे इंग्लंडमधलंच गाव, वेल्स देश नव्हे) इथले बिशप राल्फ यांनी पत्रक काढलं : पाद्री मिळतच नसेल तर मरणाऱ्याने आपल्या पापांची कबुली साध्या माणसाजवळ द्यावी, पुरुष नसेल तर बाईजवळही चालेल. त्या काळच्या चर्चने हे कागदावर लिहून द्यावं, यातच हाहाकार किती होता ते कळतं.

मग शेतं. पीक उभं आणि कापायला माणूस नाही. जो मजूर जगला त्याने जास्त पैसे मागितले, नाही मिळाले तर शेजारच्या गावी गेला. जून १३४९ मध्येच राजा तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला, की साठीच्या आतल्या, स्वतःचा जमीनजुमला वा धंदा नसलेल्या प्रत्येकाने मिळेल ते काम प्लेगच्या आधीच्याच मजुरीत करायचं. १३५१ च्या कायद्यात तर दरच छापील असल्यासारखे ठरवून दिले : गवत वाळवायला दिवसाला १ पेनी, कापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ आणि दुसऱ्यात ३, वर जेवण नाही. न ऐकणाऱ्यासाठी गावोगावी खोडे उभारायचे. हा कायदा वाचताना मला राग येतो. अर्धं घर पुरून आलेल्या माणसाला सांगायचं, की तुझा भाव तेवढाच. जमीनदारांचे कारभारी मात्र शहाणे होते. पीक वाया जाऊ द्यायचं नसेल तर धान्य, जेवण असं काहीबाही वर देऊन ते माणसं टिकवत.

केंब्रिजमध्ये याच वर्षांत दोन कॉलेजं उभी राहिली. नॉर्विचचे बिशप बेटमन यांनी १३५० मध्ये ट्रिनिटी हॉल काढलं. १३५२ मध्ये गावातल्या दोन गिल्डनी, म्हणजे सामान्य व्यापारी-कारागिरांच्या मंडळांनी, कॉर्पस क्रिस्टी काढलं. आपल्या मृतांसाठी प्रार्थना होत राहाव्यात हाही त्यामागे हेतू होता. त्याचं जुनं आवार अजून उभं आहे. मी बाजारात जाताना तिथूनच जाते.

गावकऱ्यांनी काढलेल्या त्याच कॉलेजवर जून १३८१ मध्ये गावकरीच चालून गेले. मजुरीचा जाच तीस वर्षांचा, त्यात १५ वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यामागे १२ पेनींचा कर आला आणि देशभर बंड पेटलं. गावातल्या पुष्कळ घरांचं भाडं एव्हाना कॉर्पसकडे जात होतं. जमावाने कॉलेज लुटलं, बाजारचौकात विद्यापीठाच्या सनदा जाळल्या, आणि मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीने ती राख ओरडत ओरडत वाऱ्यावर उधळली असं सांगतात. बंड मोडलं. केंब्रिजच्या गावाचे हक्क गेले, आणि पाव-बिअरच्या भावावरची देखरेख राजाने विद्यापीठाकडे सोपवली.

मजुरी मात्र उतरली नाही. प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला, हात कमीच राहिले, आणि कुळं टिकवायची तर वेठ सोडावी लागते हे जमीनदारांना हळूहळू उमगलं. पुढच्या शतकभरात वेठबिगारी जवळजवळ गळून पडली. कुळाच्या नावाची नोंद जमीनदाराच्या दप्तरात व्हायची आणि तिची नक्कल कुळाच्या हातात यायची, बरीचशी आपल्या सातबाऱ्यासारखी. त्या नकलेच्या जोरावर शेत कसायची ही पद्धत इंग्लंडमध्ये थेट १९२६ पर्यंत चालली.