मावशीच्या खोलीचे बंद दार

मावशीला तो फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकवीस तास, ती त्या फोनच्या ताब्यात होती. ती एकाहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा आणि सून नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर घरी एकटीच असते. पलीकडच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे तिने खोलीचे दार आतून लावले, मोबाइल औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ चालू ठेवून त्याच्यासमोर बसून राहिली. रात्री सुनेने जेवायला हाक मारली, तेव्हा तिने आतूनच ‘डोके दुखते आहे, मी पडते’ असे उत्तर दिले. दाराच्या एका बाजूला घर होते आणि दुसऱ्या बाजूला तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे खोटे पोलीस माणसाला व्हिडिओ कॉलवर ‘अटकेत’ बसवून ठेवतात ती फसवणूक.

हा सगळा बनाव कसा रचला जातो ते सविस्तर सांगतो, कारण त्याची पायरीन् पायरी ठरलेली असते. पहिल्या माणसाने तिच्या नावाने परदेशी जाणारे एक पार्सल पकडले गेले असून त्यात पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडल्याचे सांगितले. मग फोन ‘वरिष्ठ अधिकाऱ्याकडे’ जोडून देण्यात आला. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसला, त्याच्या मागे तिरंगा होता, आणि थोड्याच वेळात सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असलेला एक कागदही आला. मावशीला यापैकी कशापेक्षाही जास्त पटले ते म्हणजे त्याने तिचा आधार क्रमांक एकही अंक न चुकता वाचून दाखवला. आपण सिमकार्डाच्या दुकानात, लॉजवर, झेरॉक्सवाल्याकडे आधारच्या किती प्रती देऊन येतो याचा विचार केला, तर तो क्रमांक परक्या माणसाच्या हाती लागणे मुळीच कठीण नाही, हे लक्षात येईल. पण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी हे सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातले सगळे बाहेर पडल्यावर, पर्समध्ये फोन चालू ठेवूनच ती बँकेत गेली. मुदत ठेव मोडली आणि सहा लाख वीस हजार रुपये ‘पडताळणीसाठी’ पाठवले. आरटीजीएसच्या अर्जावर तिने आपल्या वळणदार अक्षरात ज्या खात्याचे नाव लिहिले, ते परराज्यातील कुठल्याशा व्यापारी पेढीचे होते. खिडकीवरच्या मुलीने ‘आजी, एवढी रक्कम कुणाला पाठवताय?’ असे विचारलेही, पण त्यावर काय उत्तर द्यायचे हेही तिला आधीच पढवले होते. ‘मुलाच्या घरासाठी,’ असे ती म्हणाली. घरी आल्यावर दुसरी ठेव मोडण्याचा आग्रह सुरू झाला. सून त्या दिवशी लवकर परतली नसती, आणि तिला पलंगावर पडलेली अर्जाची पावती दिसली नसती, तर तीही ठेव गेली असती.

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्टपणे सांगितले होते, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या फसवणुकीची स्वतःहून दखल घेऊन तपास सीबीआयकडे सोपवला. परंतु मला सर्वात महत्त्वाची वाटते ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील एक साधी तरतूद. खऱ्या पोलिसांनी एखाद्याला अटक केली, तर त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला तसे कळवणे हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. महिलेला तर अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर अटकच करता येत नाही, आणि अपवाद करायचा झाल्यास महिला अधिकाऱ्याला आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे जो फोनवर ‘घरात कुणालाही सांगू नका’ असे बजावतो, तो त्या एकाच वाक्याने आपण पोलीस नसल्याचे सिद्ध करत असतो. वृद्ध आईवडिलांना दहा सूचना देण्यापेक्षा ही एक गोष्ट त्यांच्याशी शांतपणे बोलावी, असे मला मनापासून वाटते.

बाकीच्या फसवणुकींतही घाई आणि एकटेपणा यांचाच आधार घेतला जातो. जुने कपाट विकायला काढले की लष्करातला असल्याचे सांगणारा गिऱ्हाईक ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणतो. वस्तुतः यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून येणारी एपीके फाइल हे खरे तर एक अ‍ॅप असते. ते मोबाइलवर बसवून त्याला संदेश वाचण्याची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. पत्रिका ही चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते, ती बघण्यासाठी काही बसवावे लागत नाही. शेअर बाजाराच्या नावाने चालणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांत नफ्याचे फोटो टाकणारे बहुतेक सदस्य त्याच टोळीतले असतात, आणि अ‍ॅपमध्ये वाढत जाणारा आकडा हा नुसता आकडा असतो. पैसे काढायला गेलात की आधी ‘कर’ भरा म्हणतात.

पैसे गेल्यावर मात्र घाई आपण करायची असते. मावशीच्या बाबतीत सुनेने पावती बघताच 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला. तिथे यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव विचारतात, म्हणून पावती हाताशी ठेवावी. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. चोरलेले पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून एकातून दुसऱ्यात वेगाने फिरवले जातात, आणि जिथे ते अजून पडून असतील तिथे बँक ते रोखून धरू शकते. मावशीच्या रकमेपैकी दोन लाख पंचाहत्तर हजार असे रोखले गेले, बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कारणाने खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर तोटा येत नाही. आपण स्वतःच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर झालेले बँकेचे. म्हणून चूक आपली असली तरीही तातडीने कळवण्यातच हित आहे.

‘एवढी शिकलेली बाई, आणि फसली कशी?’ हे वाक्य त्या आठवड्यात मी चार नातेवाइकांच्या तोंडून ऐकले. मला त्याचा फार राग आला आणि अजूनही येतो. या वाक्याच्याच भीतीने माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. मावशी त्या रात्री दाराआड रडत होती, तेव्हा तिला अटकेइतकीच मुलासमोर लाज जाण्याची धास्ती होती, असे तिने नंतर मला सांगितले.

रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशानंतर काही महिन्यांनी तिच्या खात्यात परत आली. त्या दिवशी पासबुक भरून घेतल्यावर मावशी त्याच खिडकीवरच्या मुलीकडे गेली, माझ्या मावसभावाचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘बाळ, तू मला विचारले होतेस, मीच खोटे बोलले. पुन्हा कधी मी मोठी रक्कम काढायला आले, तर आधी याला फोन लाव.’