अडुळशाच्या पानातला दुसरा ठिपका

जुन्नरकडच्या आमच्या शेताच्या बांधावर अडुळसा आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावलेला. आजी पानं वाफवून रस काढायची आणि खोकला झाला की मधातून चाटवायची. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी वनस्पती निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरं नाव सुचलंच नाही. पान, खोड, मूळ, फूल, कुठल्या भागात कोणतं रसायन आहे ते बघायचं ठरवलं.

पानं आणि खोड दिवाळीच्या सुट्टीतच आणलं. फुलं आणि मुळं जानेवारीत मिळाली. फुलांची एक फांदी दाबून, वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात ओळख पक्की करून घेतली. बाकी सगळं सावलीत वाळवलं. मुळांच्या बेचक्यांतली माती काही केल्या निघेना, शेवटी दात घासायच्या ब्रशने एकेक मूळ घासलं.

पूड सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम द्रावक पुन्हापुन्हा पुडीतून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, आधी पेट्रोलियम ईथरने काढली, म्हणजे मेण आणि चरबी निघून जाते, मग मिथेनॉलने. तो अर्क सौम्य आम्लात विरघळवून गाळला, अमोनियाने पीएच ९ वर नेला आणि क्लोरोफॉर्ममध्ये अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त आम्लारी रसायनं, ओढून घेतले.

मग टीएलसी: सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर अर्काचा थेंब ठेवायचा, द्रावक वर चढतो आणि घटक वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांनी सुटे होतात. पहिल्या प्लेटवर ठिपके उमटलेच नाहीत, नुसत्या लांब शेपट्या. सिलिका किंचित आम्लधर्मी, अल्कलॉइड आम्लारी, त्यामुळे ते तिला चिकटत चिकटत वर जातात. द्रावकात अमोनियाचे चार थेंब घातल्यावर ठिपके गोल झाले. अल्कलॉइड दाखवणारं ड्रॅगनडॉर्फ द्रावण फवारलं आणि पांढऱ्या प्लेटवर नारिंगी रंग चढत गेला. तो क्षण मी विसरणार नाही. अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन, त्याचा ठिपका सगळ्या भागांत होता, फुलांत अगदी पुसट. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन याच व्हॅसिसिनवरून घडवलेलं आहे. आजीचं चाटण समोर प्लेटवर दिसत होतं.

पानाच्या रांगेत मात्र वर आणखी एक ठळक ठिपका होता. मुळात तो नव्हता. ‘फक्त पानांत’ असं मी वहीत लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं आणि धावत मॅडमकडे गेले.

त्यांनी प्लेट उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, “पानांचा हा अर्क कधीचा गं?”

नोव्हेंबरचा. खिडकीतल्या फळीवर, अर्धवट भरलेल्या बाटलीत, अडीच महिने. मुळांचा आदल्या आठवड्यातला. हवा लागली की व्हॅसिसिनचं हळूहळू व्हॅसिसिनोन होतं, वरचा ठिपका त्याचाच. मी पान आणि मूळ यांची तुलना करत नव्हते, जुना अर्क आणि ताजा अर्क यांची करत होते. त्या रात्री फार वाईट वाटलं.

चारही भाग एकाच दिवशी पुन्हा गोळा केले, पुन्हा वाळवले. अर्क फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले, बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहिली. या खेपेला पानातला वरचा ठिपका जेमतेम दिसला. घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या एलसी-एमएस यंत्रात १८९ चं शिखर उंच आलं, तेच व्हॅसिसिन, आणि २०३ चं, म्हणजे व्हॅसिसिनोनचं, बुटकं. जुन्या बाटलीत नेमकं उलट.

मुळाच्या रांगेत व्हॅसिसिनच्या खाली एक ठिपका मात्र दोन्ही खेपेला आला. त्याचं शिखर २०५ ला दिसतंय. व्हॅसिसिनॉल हे त्याच कुळातलं अल्कलॉइड असावं, पण शेजारी लावायला शुद्ध नमुना अजून मिळालेला नाही. वहीत त्याच्यापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे.