मागे चार की तीन?

रविवार, रात्री उशिरा

आज आपला फुटबॉल संघ पुन्हा हरला आणि पुन्हा त्याच वाटेने. आपले दोन्ही फुलबॅक (बचावफळीतले कडेचे दोघे) पुढे गेलेले, मधल्या फळीत चेंडू हिसकावला गेला आणि पुढच्या दोन पासांत प्रतिस्पर्धी थेट आपल्या गोलसमोर. आता सगळीकडून एकच मागणी ऐकू येतेय : ४-३-३ (मागे चार, मधे तीन, पुढे तीन) सोडा, मागे तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) लावा. मागणी समजते, कारण हे असं हरणं बघवत नाही. पण पटत नाही.

तीनची बाजू घेणारे इंग्लंडच्या चेल्सी क्लबचं उदाहरण देतात. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ३-० असा मार खाल्ल्यावर त्यांचे प्रशिक्षक आंतोनियो कॉन्ते ३-४-३ कडे वळले, लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले आणि ९३ गुणांसह विजेतेपद मिळवलं. अगदी खरं. पण आदल्या मोसमात चेल्सी दहाव्या क्रमांकावर राहिल्याने त्यांना युरोपातले सामनेच नव्हते, त्यामुळे नवी रचना अंगवळणी पडायला सरावाचे दिवस मिळाले. शिवाय माणसं होती. डावीकडे विंगबॅक (अख्खी कड एकट्याने सांभाळणारा) मार्कोस अलोन्सो. उजवीकडे व्हिक्टर मोझेस, ज्याला आधीचे तीन मोसम दुसऱ्या क्लबांकडे खेळायला पाठवलं होतं. आणि मधल्या फळीत कान्टे, जो एकटाच दोघांची जागा व्यापायचा.

याउलट मँचेस्टर युनायटेड. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून रुबेन अमोरिम मोसमाच्या मधोमध आले आणि तीन सेंटर बॅकची आपली रचना त्यांनी लगेच लावली. अंगावर युरोपा लीगचे सामने, हाताशी दुसऱ्याच पद्धतीसाठी घेतलेले खेळाडू. मोसम संपला तेव्हा ४२ गुण आणि पंधरावा क्रमांक. सगळा दोष रचनेचा होता असं मी म्हणणार नाही, पण रचनेने त्यांना वाचवलंही नाही.

आपली अवस्था मला या दुसऱ्या उदाहरणाच्या जवळची वाटते. सेंटर बॅक मोजून तीन, त्यातला एक दुखापतीतून नुकताच परतलेला. विंगबॅक म्हणून नव्वद मिनिटं वर-खाली धावेल असा एकही नाही. आणि ३-४-३ मध्ये मधे दोघंच उरतात. आपला बचावात्मक मिडफिल्डर आज तिघांच्या मधल्या फळीतही एकटा पडत होता. ३-५-२ करावं, तर विंगर (कडेचा आघाडीपटू) बाकावर बसतो. डाव्या विंगवरचा तो पोरगा या मोसमातली एकमेव आनंदाची गोष्ट आहे. त्याला बाकावर बसवून मिळवलेली बरोबरी मला नको. (मोझेसही मुळात विंगरच होता, हे मान्य. पण या मुलाचा जीव गोलकडे तोंड करून धावण्यात आहे. त्याला स्वतःच्या गोलकडे पळवत ठेवणं म्हणजे त्याचा खेळच काढून घेणं.)

मग काहीच बदलू नये? तसं नाही. मला १९२५ चं आर्सेनल आठवतं. त्या वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं. बचावफळ्या उघड्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलवर सात गोल केले. तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतल्या सेंटर हाफला दोन बॅकच्या मधे आणलं आणि मधे पडलेली जागा भरायला एका आघाडीपटूला मागे घेतलं. भोक कुठे पडलंय ते आधी ओळखलं, मग तेवढीच माणसं हलवली. पुढे त्यातूनच डब्ल्यू-एम ही रचना (खेळाडूंच्या जागा W आणि M या अक्षरांसारख्या) उभी राहिली.

आपलं भोकही दिसतंच आहे : फुलबॅकच्या मागची जागा. म्हणून एक फुलबॅक पुढे गेला की दुसऱ्याने सेंटर बॅकच्या शेजारी थांबायचं. चेंडू आपल्याकडे असताना मागे आपोआप तीन होतात. आणि पुढे धावणाऱ्या दोन मिडफिल्डरपैकी एकाने बचावात्मक मिडफिल्डरच्या बाजूला यायचं. कागदावर याला ४-२-३-१ म्हणतील, म्हणोत. स्ट्रायकरपर्यंत चेंडू थोडा कमी पोचेल, ही किंमत आहे, आणि सध्या ती मी आनंदाने देईन.

आता आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी आहे, पण अर्धा संघ आपापल्या देशांकडून खेळायला जाणार. उरलेल्यांत दोन्ही फुलबॅक आणि मागे यायचा तो मिडफिल्डर आहेत. एवढा बदल शिकवायला तेवढे पुरे आहेत.